कंट्रोलर घ्यावा की माऊस-कीबोर्ड? आधी हाताला विचारा

सुट्ट्या जवळ आल्या की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हटकून विचारला जातो. ताप-खोकल्याचे औषध लिहून होते, केसपेपर घडी घालून खिशात जातो आणि उठता उठता मुलाचे वडील म्हणतात, "डॉक्टरसाहेब, पोरगा गेम खेळाले ते कंट्रोलर मागून राह्यला. त्याचा मित्र म्हणतो, माऊस-कीबोर्डच चांगलं. याले नेमकं काय घेऊन देऊ?"

हा प्रश्न खरे तर दुकानदाराला विचारायचा. पण दुकानदार खेळाच्या बाजूने सांगेल, मुलगा मित्राच्या बाजूने सांगेल. हाताच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. आणि दोन-चार महिन्यांनी "अंगठा दुखतो", "मनगटात कळ येते", "बोटांना मुंग्या येतात" अशी तक्रार घेऊन तोच मुलगा पुन्हा समोर बसतो. म्हणून आजचा लेख हाताच्या बाजूने.

फैजपूर, सावदा, यावल, रावेर या आपल्या भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी मुलांना बाहेर पाठवणे शक्य नसते. ती घरातच राहणार आणि काही ना काही खेळणार, हे गृहीत धरूनच आपण विचार करू.

दोन साधने, दोन स्वभाव

कंट्रोलर म्हणजे दोन्ही तळहातांत धरायचे ते साधन. त्यावर अंगठ्यांनी फिरवायच्या दोन छोट्या दांड्या, काही बटणे आणि तर्जनीखाली येणारे खटके असतात. १९९० च्या दशकात ज्यांनी 'सामुराई' किंवा 'मीडिया' कंपनीचा व्हिडिओ गेम टीव्हीला जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळला, त्यांना याचा पूर्वज आठवेल. त्याच्या डाव्या अंगाला जे फुलीच्या आकाराचे बटण असे, ते जपानमधील निन्तेंदो कंपनीचे गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या सुमारास तयार केले. पुढे १९९७ साली सोनी कंपनीने दोन दांड्यांचा आणि हातात थरथरणारा कंट्रोलर आणला. आजचे बहुतेक कंट्रोलर त्याच घाटाचे आहेत.

माऊसचा जन्म वेगळ्या घरातला. अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो प्रथम जाहीरपणे दाखवला. त्यांचा पहिला माऊस लाकडी खोक्याचा होता. कीबोर्ड तर त्याहून जुना. १८७० च्या दशकातील शोल्स यांच्या टाइपरायटरवरची अक्षरांची मांडणीच आजही आपल्या कॉम्प्युटरवर आहे. म्हणजे माऊस-कीबोर्ड ही जोडी मुळात कचेरीच्या कामासाठी घडलेली, आणि कंट्रोलर खेळासाठी. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण हाताला होणारा त्रासही याच फरकातून येतो.

कीबोर्डची कळ दिव्याच्या बटणासारखी असते. चालू किंवा बंद, मधले काही नाही. कंट्रोलरची दांडी पंख्याच्या रेग्युलेटरसारखी. थोडी कलवली तर खेळाडू हळू चालतो, पूर्ण कलवली तर धावतो. माऊसचे याहून निराळे. हात जितका सरकला तितका पडद्यावरचा बाण सरकतो, हात थांबला की बाण थांबतो. केळीचा ट्रक मागे घेताना क्लीनर "येऊ द्या, येऊ द्या, बस्स" म्हणतो, तसे दांडीने नेम धरताना करावे लागते. माऊसने मात्र बोट ठेवून "इथे" म्हणता येते. म्हणून नेमबाजीत माऊसवाला वरचढ ठरतो. ही तफावत भरून काढण्यासाठी अनेक खेळांत कंट्रोलर वापरणाऱ्याला नेम धरताना खेळच थोडी मदत करतो.

कोणत्या खेळाला काय सोयीचे?

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण मुलांना तो आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतो.

काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट यांसारखे नेमबाजीचे खेळ आणि एज ऑफ एम्पायर्ससारखे डावपेचांचे खेळ माऊस-कीबोर्डवर चांगले चालतात. व्हॅलोरंटच्या कॉम्प्युटरवरील आवृत्तीत तर कंट्रोलर चालतच नाही. मोटारींच्या शर्यती, फुटबॉल, कुस्ती-मारामारीचे आणि उड्या मारत पुढे जाण्याचे खेळ कंट्रोलरवर सोयीचे. क्रिकेटचे दोन्हींवर जमते. 'क्रिकेट ०७' हा खेळ आपल्याकडच्या मुलांनी वर्षानुवर्षे कीबोर्डच्या बाणांच्या कळांवरच खेळला.

तेव्हा पहिली पायरी अशी, की मुलगा नेमका कोणता खेळ खेळतो ते विचारा. त्या खेळात कंट्रोलर चालतच नसेल, तर तो विकत घेऊन उपयोग नाही.

हातात काय काय असते?

आता माझ्या विषयाकडे येतो. एका हातात २७ हाडे असतात. आश्चर्य वाटेल, पण बोटांमध्ये हालचाल करणारे स्नायू नसतात. बोटे वाकवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्यापासून निघालेल्या दोऱ्या, ज्यांना आम्ही कंडरा म्हणतो, मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. सायकलच्या ब्रेकची वायर आठवा. दांडा इथे दाबला की वायर ओढली जाते आणि ब्रेक तिकडे लागतो. वायर ज्या नळीतून जाते ती सरळ असेल तर वायर सहज सरकते. नळी वाकलेली असेल तर वायर घासते, आणि घासत घासत एक दिवस अडकते.

मनगट म्हणजे ती नळी. मनगट सरळ ठेवून बोटे हजार वेळा हलवली तरी फारसे बिघडत नाही. मनगट वाकवून तीच हालचाल तासन्‌तास केली की कंडरा आणि तिच्यावरचे आवरण यांचे घर्षण होते, सूज येते आणि दुखणे सुरू होते. कंट्रोलर असो की माऊस, सगळ्या सल्ल्याचे सार या एका परिच्छेदात आहे.

कंट्रोलर आणि अंगठा

कंट्रोलरचे एक चांगले आहे. तो धरला की दोन्ही तळहात एकमेकांकडे वळतात आणि मनगटे बऱ्यापैकी सरळ राहतात. मुलगा मागे टेकून, पाय पसरून, बूड हलवत खेळू शकतो. एकाच जागी खिळून बसावे लागत नाही.

दोष असा, की सगळा भार दोन अंगठ्यांवर येतो. पकड तर्जनी आणि तळहाताची, पण काम अंगठ्याचे. अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि ताठ करणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूने एका अरुंद बोगद्यातून जातात. तेथे सूज आली की होणाऱ्या आजाराला 'डी क्वेर्वां'चा आजार म्हणतात. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्वां यांनी १८९५ साली त्याचे वर्णन केले. तेव्हा व्हिडिओ गेम अर्थातच नव्हते. आपल्याकडे हा आजार सर्वांत जास्त दिसतो तो ओल्या बाळंतिणीत. बाळाला काखेत हात घालून उचलताना अंगठा ताणला जातो, मनगट वाकते, आणि महिन्या-दोन महिन्यांत आईला पातेले उचलवेनासे होते. आजीबाई "बाळंतवारा" म्हणतात तो पुष्कळदा हाच असतो. कपडे पिळणाऱ्या आणि विळ्याने कापणी करणाऱ्या हातांनाही तो होतो. आता त्यात खेळणाऱ्या मुलांची भर पडली आहे.

ही भर अगदी आजची नाही. अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९८१ साली व्हिडिओ गेममुळे दुखावलेल्या मनगटाबद्दल पत्र छापून आले होते. १९९० साली त्याच नियतकालिकात एका डॉक्टरांनी पस्तीस वर्षांच्या बाईची हकिकत लिहिली. सलग पाच तास निन्तेंदो खेळून तिचा अंगठा दुखावला होता. त्या दुखण्याला त्यांनी खेळाच्या कंपनीचेच नाव जोडून टाकले.

घरी करता येण्यासारखी एक साधी तपासणी आहे. अंगठा तळहातात घेऊन वर चार बोटांची मूठ मिटा आणि मनगट सावकाश करंगळीच्या दिशेने खाली झुकवा. थोडा ताण सर्वांनाच जाणवतो. पण अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीव्र कळ आली, आणि दुसऱ्या हाताला तशी येत नसेल, तर तेथे सूज असण्याचा संभव आहे. फिंकेलस्टीन या शल्यचिकित्सकाच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. जोर लावून किंवा पुन्हा पुन्हा मात्र करू नका.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. बहुतेक कंट्रोलर मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाचे असतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दांडीपर्यंत पोहोचायला अंगठा ताणावा लागतो. मुलाला बूट घेताना आपण पायात घालून पाहतो, तसा कंट्रोलर त्याच्या हातात देऊन पाहावा.

माऊस-कीबोर्ड आणि मनगट

आमच्या पिढीतील अनेकांनी टायपिंगचा क्लास केला आहे. मराठी तीस, इंग्रजी चाळीस ही परीक्षा पास झाले की नोकरीच्या अर्जाला वजन येत असे. त्या क्लासात सर पहिल्या दिवशी काय शिकवत? पाठ ताठ, कोपर अंगालगत, मनगट हवेत, ते टेबलावर टेकवायचे नाही. मनगट टेकवलेले दिसले की पट्टी बसायची. त्या सरांनी शरीरशास्त्र शिकले नसेल, पण जे सांगितले ते बरोबर होते. आज कॉम्प्युटरवर टायपिंगची परीक्षा देणाऱ्या मुलामुलींनाही तेच लागू आहे.

खेळणारा मुलगा नेमके उलटे करतो. डावे मनगट टेबलाच्या कडेवर रोवतो, करंगळी कोपऱ्यातल्या कळेवर ताणतो, बाकीची बोटे डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर. उजवा हात माऊसवर, मनगट वर वाकलेले. टेबलाची कड तळहाताच्या मुळाशी रुतलेली. आता याच जागी, तळहाताच्या मुळाशी, एक बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस जाते. त्या नसेवर दाब आला की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला मुंग्या येतात. रात्री हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. याला 'कार्पल टनेल'चा आजार म्हणतात. करंगळीला मात्र या आजारात मुंग्या येत नाहीत. तिला येत असतील तर दोष कोपराकडे किंवा मानेकडे शोधावा लागतो.

मात्र मुंग्या आल्या की दोष कॉम्प्युटरचाच, असे समजू नये. हा आजार मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपणा, लठ्ठपणा आणि सतत थरथरणारी अवजारे वापरण्याशी अधिक निगडित आहे. केवळ कीबोर्डमुळे तो होतोच असे सिद्ध झालेले नाही. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या माणसाने मुंग्यांची तक्रार सांगितली की मी आधी रक्तातील साखर तपासायला सांगतो. मुलांमध्ये मनगटाच्या कंडरांची सूज आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे जास्त आढळते. माऊस लांब ठेवल्याने खांदाही भरून येतो.

यावर उपाय स्वस्त आहेत. कीबोर्डच्या मागच्या बाजूला खाली दोन छोटे पाय असतात. ते उघडले की कीबोर्ड तिरपा होतो आणि मनगट वर वाकते. ते पाय मिटून ठेवा. माऊस कीबोर्डला लागून, त्याच उंचीवर ठेवा. टेबलाची कड धारदार असेल तर तेथे दुमडलेला टॉवेल ठेवा. माऊसची गती फार वाढवली तर सगळी हालचाल मनगटातून होते. गती थोडी कमी करून मोठी चटई घेतली तर हात कोपरातून आणि खांद्यातून फिरतो. मोठे सांधे हे काम अधिक चांगले सोसतात.

मान, पाठ आणि डोळे

साधन कोणतेही असो, बसणे चुकीचे असेल तर दोष साधनाला देता येत नाही. डोक्याचे वजन साधारण साडेचार-पाच किलो असते. मान सरळ असते तेव्हा ते मणक्यांवर तोलले जाते. मान पुढे झुकली की मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. पाच किलोची पिशवी छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे फरक कळेल.

पलंगावर लॅपटॉप ठेवून, मांडी घालून खेळणे हे सर्वांत वाईट. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणला तर हात वर जातात, आणि हात खाली ठेवले तर मान झुकते. अशा वेळी चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून त्याला वेगळा कीबोर्ड-माऊस किंवा कंट्रोलर जोडावा. ज्या घरी टेबल-खुर्ची नाही, तेथे मी कंट्रोलरच सुचवतो. तो टीव्हीला जोडून, भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उशी आणि उशीवर हात ठेवून खेळता येते.

टीव्हीवर खेळण्याचा डोळ्यांनाही फायदा आहे. सहा-आठ फुटांवरचा पडदा पाहताना डोळ्यांवर जवळचे पाहण्याचा ताण पडत नाही. कॉम्प्युटर दोन फुटांवर असतो, मोबाईल फूटभरावर. शिवाय पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते. त्यात आपल्याकडे कूलर नेमका तोंडावर सोडलेला. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात, आणि आई म्हणते "डोळे आलेत". कूलरची हवा पायांकडे सोडा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहायला सांगा. घरापुढचा निंब त्यासाठी चालतो.

ज्या मुलाला फिट येतात, त्याच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी. काही मुलांना लखलखणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी टीव्हीवरील 'पोकेमॉन' मालिकेतील लाल-निळ्या लखलखाटामुळे सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावे लागले होते. अशा मुलाने पडद्यापासून लांब बसावे, खोलीत दिवा लावावा, झोप पूर्ण झालेली असावी आणि खेळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

तिसरे साधन: मोबाईल

कंट्रोलर की माऊस या वादात खरा अपराधी सुटून जातो. आपल्या भागातील बहुसंख्य मुले या दोन्हींपैकी काहीच वापरत नाहीत. ती मोबाईलवर खेळतात. मोबाईलमध्ये कंट्रोलरचा दोष आहे, म्हणजे अंगठ्यांवर भार. लॅपटॉपचा दोष आहे, म्हणजे झुकलेली मान. आणि स्वतःचा एक दोष आहे, तो म्हणजे डोळ्यांजवळचा छोटा पडदा. काचेवर बटण दाबल्याचे बोटाला कळत नाही, म्हणून मुले गरजेपेक्षा जास्त जोराने दाबतात. तेव्हा वडील मला "कंट्रोलर देऊ का" असे विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, "आज तो कशावर खेळतो?" उत्तर मोबाईल असेल, तर दोन्हींपैकी काहीही घेतले तरी ते आधीपेक्षा बरेच आहे. दिवाणखान्यातील टीव्हीवर खेळणारा मुलगा किती वेळ खेळतो हे घरच्यांना दिसते. गोधडीखालच्या मोबाईलचे तसे नाही.

एका अंगठ्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी जानेवारीत बारावीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. उजवा अंगठा इतका दुखत होता की पेन धरवत नव्हते. सराव परीक्षेचा पेपर अर्धा सोडून तो उठला होता. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलेली. वडिलांना वाटत होते की मुलगा बहाणा करतो. मुलाला वाटत होते की हात कायमचा गेला. मधल्या काळात कोणाकडून तरी "नस" चोळून घेतली होती, त्यामुळे सूज वाढली होती.

विचारल्यावर कळले की अभ्यासाचा ताण घालवायला तो रोज रात्री तीन-चार तास कंट्रोलरवर मोटारींची शर्यत खेळत असे. वेग वाढवायचे बटण उजव्या अंगठ्याने सतत दाबून धरलेले. मूठ मिटून मनगट झुकवताच त्याने हात मागे घेतला.

वडील म्हणाले, "घरी गेल्यावर ते मशीनच फोडतो." मी म्हटले, "भाऊ, फोडू नका. परीक्षेपर्यंत कपाटात ठेवा, आणि किल्ली तुमच्याकडे नको, त्याच्याकडेच द्या." अंगठ्यासह मनगट धरून ठेवणारा पट्टा तीन आठवडे, बर्फाचा शेक, थोडे दिवस औषध, आणि पेनाला जाड रबरी मूठ. चोळणे पूर्ण बंद. तीन आठवड्यांनी दुखणे पुष्कळ उतरले आणि त्याने सगळे पेपर स्वतःच्या हाताने लिहिले. सुट्टीत कंट्रोलर कपाटातून बाहेर आला, तेव्हा वेगाचे काम त्याने अंगठ्याऐवजी तर्जनीच्या खटक्यावर घेतले होते. ही सोय बहुतेक खेळांत असते आणि तिला एक पैसाही लागत नाही.

खेळ थांबवणे आणि खेळ फोडणे यांतला फरक पालकांनी ध्यानात घ्यावा. मुलगा दुखणे लपवू लागला की उपचार उशिरा सुरू होतात.

दुखू लागले तर

दुखऱ्या हाताने खेळणे दोन-तीन आठवडे पूर्ण बंद. बर्फ कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. गरज पडली तर पॅरासिटामॉल. मेडिकलमधून तीव्र वेदनाशामक गोळ्या आणून आठवडाभर खाऊ नका, त्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतात. चोळणे, बोटे मोडून घेणे, "नस बसवणे" टाळा. सुजलेल्या कंडरेला चोळणे म्हणजे सोललेल्या गुडघ्यावर हात घासणे.

पुढील तक्रारी असल्यास वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा: रात्री हात बधिर होऊन जाग येणे, हातातून वस्तू निसटणे, अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा बसत चालणे, लाली व ताप यांसह सूज, किंवा तीन आठवड्यांच्या विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे. अस्थिरोगतज्ज्ञ गरजेनुसार त्या जागी इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते आणि ती लहान असते.

मग घ्यावे काय?

१. शर्यत, फुटबॉल, मारिओसारखे खेळ आणि घरात टीव्ही: कंट्रोलर.

२. नेमबाजी व डावपेचांचे खेळ आणि घरात नीट टेबल-खुर्ची: माऊस-कीबोर्ड. तो अभ्यासाला आणि टायपिंगलाही उपयोगी पडतो. एकच घ्यायचे असेल आणि मुलगा दहावीच्या पुढे असेल, तर मी हाच आधी घ्यायला सांगेन.

३. अंगठा पूर्वी दुखावलेला असेल तर माऊस. मनगट किंवा कोपर दुखावलेले असेल तर कंट्रोलर. दोन्ही असतील तर आलटून पालटून वापरा. एकाच कंडरेवर रोज तोच भार पडत नाही.

४. डावखुऱ्या मुलाला माऊस घ्यायचा तर दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा घ्या.

५. कंट्रोलरची थरथर बंद ठेवा. पकड सैल ठेवा. बोटांची पेरे पांढरी पडत असतील तर पकड फार घट्ट आहे.

६. खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. लहान मुलाच्या पायाखाली पाट द्या.

७. एका हाताने अधू असलेल्या मुलांसाठीही साधने आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ साली मोठ्या बटणांचा खास कंट्रोलर आणला. त्याला पायाने, कोपराने दाबायची बटणे जोडता येतात. कडबाकुट्टीत बोटे गमावलेल्या किंवा जन्मतः हात अधू असलेल्या मुलाला "तुला जमणार नाही" असे म्हणण्यापूर्वी हे माहीत असावे.

किती वेळ?

दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे उठणे हा नियम सर्वांना. पाणी प्या, अंगणात चक्कर मारा, मुठी उघडा-मिटा. सलग बसण्याचा धोका हातापुरता नाही. न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी २००३ साली तासन्‌तास कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या एका तरुणाच्या पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेल्याची नोंद केली आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास मुलगा मोकळ्या उजेडात राहिला, तर चष्म्याचा नंबर लागण्याचा धोका कमी होतो, हेही आता चांगले सिद्ध झाले आहे. ऊन उतरल्यावर त्याला मैदानावर पाठवा.

खेळ आवरेनासा झाला, जेवण-झोप-शाळा मागे पडली आणि नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही, असे वर्षभर चालले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. अशा वेळी मारहाणीने उपयोग होत नाही. १४४१६ या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ घरात नकोतच. २०२५ च्या कायद्याने ते चालवण्यावर बंदी आली आहे.

चांगले साधन घ्यावे, यात वावगे नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला आपण त्याच्या उंचीची बॅट घेतो, तसेच हे. फक्त दुकानात जाताना मुलाला बरोबर न्या. साधन त्याच्या हातात द्या, पाच मिनिटे धरू द्या आणि त्याच्या मनगटाकडे पाहा. मनगट सरळ असेल तर पैसे द्या, वाकडे असेल तर दुसरे दाखवायला सांगा.